तिचा एल निनो

माझा एल निनो दर दोन वर्षांनी यायचा, दूधवाल्यासारखा न चुकता. खरा असा शहाण्यासारखा वागतो कुठे? कधी तीन वर्षांनी, कधी सहा-सात. संगणकात समुद्र आणि हवा एकत्र चालवणं हे आमचं काम. समुद्राने हवेला तापमान सांगायचं, हवेने समुद्राला वारा द्यायचा. माझी जोडी काही ऐकत नव्हती.

शेजारच्या खुर्चीत माझी वाकोल्याची मैत्रीण. आम्ही एकाच दिवशी लागलो, दोघीही कंत्राटी. आता एक कायमची जागा निघाली होती आणि दोघींनी अर्ज केला होता. एका दुपारी तिच्याच डब्यातली सुकट खाताना मला तिच्या स्क्रीनवरचा आलेख दिसला. झकास! हुबेहूब खरा एल निनो. आणि बाई एका शब्दाने बोलली नव्हती!

ती पाणी आणायला उठली तशी मी तिचं फोल्डर उघडलं आणि घबाड सापडलं. तिचा समुद्र संगणकातल्या हवेशी बोलतच नव्हता. त्याला प्रत्यक्ष मोजलेले वारे दिले होते. समुद्र स्थिरावेपर्यंत आम्ही तसं करतो, मग ते बंद करायचं असतं. ही विसरली! म्हणूनच तिचा एल निनो बरोबर खऱ्या वर्षीच येत होता. उत्तरं बघून पेपर सोडवलेला.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चार दिवस घाटकोपरला घरी आरशासमोर शुक्रवारच्या बैठकीत विचारायच्या प्रश्नाची तालीम केली.

शुक्रवारी सगळ्यांसमोर तिने तो आलेख लावला आणि मी हात वर केला. "खरे वारे बंद करायला विसरलीस का गं?"

"विसरले कुठे? मुद्दाम दिलेत. तुझा एल निनो दोन वर्षांनी का येतो ते शोधत होते. खऱ्या वाऱ्यावर समुद्र नीट चालतो, म्हणजे चूक हवेच्या भागात आहे. तू वर्षभर समुद्रच दुरुस्त करत बसलीस ना!"

शेवटच्या स्लाइडवर दोन नावं होती, माझं आधी. "तुला सरप्राइज द्यायचं होतं, यार," ती हळूच म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. लाज वाटली, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की एवढी साधी गोष्ट मला का नाही सुचली?

जागा तिलाच मिळाली. सुकट ती अजून देते, मी अजून खाते, आणि खरं सांगू? अजून जळते.