मेहुण्याला न सांगितलेला पासवर्ड

दुष्काळाच्या त्या वर्षी माझा मेहुणा देवगाव रंगारीहून आमच्याकडे राहायला आला. विहीर आटली होती, आद्रकीचं पीक गेलं होतं. शहराच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या, नळ मात्र कोरडे. त्यामुळे टँकर चालवायचं काम त्याला लगेच मिळालं. आमच्या इमारतीलाही पाणी तोच आणायचा. मला तो पहिल्या दिवसापासून नकोसा होता. दोन खोल्या, त्यात त्याचं मोठ्यानं बोलणं.

माझ्याकडे गेम खेळायचा, हातात मावणारा एक संगणक होता. त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली मी स्वतः, पंधरा दिवस खपून बसवलं होतं. बायकोलाही हात लावू देत नसे. एक दिवस संगणक सापडेना. संध्याकाळी मेहुण्यानं खिशातून काढून समोर ठेवला. टँकर भरायच्या रांगेत तीन-तीन तास जायचे, तिथं तो खेळत बसला होता. पडद्यावर ओरखडा आणि माझा दोन वर्षांचा गेम पुसलेला.

मी लगेच त्यावर पासवर्ड टाकला आणि संगणक मुद्दाम त्याला दिसेल असा ठेवला.

"दाजी, खेळण्याला कुलूप लावलं व्हय?" त्यानं सकाळी विचारलं.

"दोन वर्षांचं घालवलंस माझं."

"माझी उभी आद्रक वाळली, तव्हा साधा फोन नाय केला तुम्ही."

ते खरं होतं, म्हणूनच मी जास्त चिडलो. "माझ्या घरात राहतोस, विसरू नको."

त्याच दिवशी बॅग उचलून तो चितेगावला खोली करून राहिला. मग चार दिवस आमच्याकडे टँकर आला नाही. शेजारच्या इमारतीत पाणी सोडताना तो वर माझ्याकडे बघून हॉर्न वाजवायचा. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बायकोला जिन्यात अडवलं: तुमच्या भांडणात आमच्या टाक्या का रिकाम्या? बायको वर आली आणि मला म्हणाली, "जा, माफी माग."

पासवर्ड काढून मी टँकरच्या रांगेत गेलो. केबिनच्या खिडकीतून संगणक पुढं केला.

"असू द्या तुमचंच," तो म्हणाला. "उद्या पाणी येईल. आक्कासाठी."

माफीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. उलट, त्यानं संगणक घेतला नाही याचं बरंच वाटलं.

पाणी आलं. तो पुन्हा आमच्या घराची पायरी चढला नाही. भाऊबीजेला बायकोच चितेगावला जाते, एकटी.