ओळ संपली की हात खाली

बिराजदार बाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. नांदेडच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे आणि आठवीच्या वर्गाकडून कविता म्हणून घेणे हे माझ्या नोकरीतले सगळ्यांत मोठे सुख होते. पोरी चालीवर म्हणत, खिडकीतून लिंबाच्या मोहराचा वास येई आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या कुठल्या कुठे निघून जाई. एके दिवशी अशाच एका कडव्याच्या ऐन मध्यावर भिंतीपलीकडून आवाज आला : टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तोही नेमका ओळीच्या पोटात! मी तरातरा पलीकडे गेलो. मोडक्या बाकांच्या त्या खोलीत उदगीरहून नव्याने आलेल्या क्रीडाशिक्षिका, महानंदा बिराजदार, हातात एअर पिस्तूल घेऊन उभ्या होत्या. समोर, दहा मीटरवर, पुठ्ठ्याचे लक्ष्य.

"बाई, आमची कविता चाललीय," मी म्हणालो.

बाईंनी आधी पिस्तूल टेबलावर ठेवले, नळी भिंतीकडे करून. मग शांतपणे म्हणाल्या, "माफ करा सर. टक् ओळीच्या शेवटी आला तर चालेल का?"

मी हसलो आणि भांडण तिथेच संपले. दुसऱ्या दिवसापासून खरोखरच टक् ओळ संपता संपता येऊ लागला. महिन्याभराने बाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमची कविता आमच्या कामाची आहे. हात उचलला की पहिली ओळ सुरू. ओळ संपेपर्यंत गोळी सुटली तर ठीक, नाही तर हात खाली. जास्त धरून ठेवला की हात थरथरतो आणि माणूस घाईनं चाप ओढतो." त्या दिवसापासून मी शनिवारी सकाळी त्या खोलीत जाऊन संथ चालीत कविता म्हणू लागलो आणि बाईंकडे नेमबाजी शिकायला ओळीने उभ्या असलेल्या पोरी लक्ष्यावर डोळा ठेवून हात उचलू लागल्या. कवितेचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली पोलिसांत आहेत, बँकांत आहेत, लातुरात स्वतःची केंद्रे चालवीत आहेत. त्यांच्या पदकांविषयी या गौरवग्रंथात इतर जाणकार लिहितीलच. मला लिहायचे आहे ते बाई पहिले पिस्तूल कसे निवडून देतात याविषयी, कारण त्यांचे सगळे मोठेपण मला त्या एका कामात दिसले.

बाईंची एक रीत आहे. मुलगी वर्षभर बाईंच्या नेमबाजी केंद्राच्या (त्या खोलीतूनच ते पुढे उभे राहिले) पिस्तुलावर शिकली, टिकली, म्हणजे मगच स्वतःच्या पिस्तुलाची गोष्ट काढायची. निवडीच्या दिवशी टेबलावर तीन-चार पिस्तुले मांडायची आणि प्रत्येकाच्या कंपनीच्या नावावर चिकटपट्टी लावून टाकायची. परदेशी कुठले, देशी कुठले, कुणालाच कळू द्यायचे नाही. "नाव वाचलं की हात खोटं बोलतो," असे त्या म्हणतात. मग मुलीने मूठ धरायची, डोळे मिटायचे, हात लक्ष्याकडे उचलायचा आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेमाचा उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप मधोमध आलेली दिसली तर ती मूठ तिच्या हाताची. मनगट वळवून माशी जुळवावी लागली तर ते पिस्तूल कितीही देखणे असो, बाजूला. वजन, चाप, दुरुस्तीची सोय हे सगळे त्यानंतर.

अर्धापूरची शिवकन्या निवडीला आली तेव्हा तिच्याबरोबर जीप भरून घर आले होते : आजोबा मारोतराव, आईवडील आणि बालाजीकाका. घर केळीच्या बागाईतदारांचे. मारोतरावांचा शब्द घरात शेवटचा. लातूरची विभागीय स्पर्धा तीन महिन्यांवर होती आणि आजोबांनी बजावून ठेवले होते, "एकदाच घेऊ. चुकलं तर पुन्ना न्हाई. मग पोरीनं गुमान कॉलेज करावं." शिवकन्येसाठी सगळे त्या एका सकाळवर येऊन थांबले होते. माझे काम नेहमीसारखे, कोपऱ्यात बसून राहण्याचे.

काकांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिलेले होते. सगळ्यांत मोठे, काळेभोर पिस्तूल त्यांनी झटकन उचलले आणि फिरवून दाखवू लागले.

"नळी भिंतीकडं!" बाईंचा आवाज असा आला की मीसुद्धा खुर्चीत सरळ झालो. "रिकामं असलं तरी भिंतीकडं. नाही तर बाहेर चहा आहे."

"हाव मॅडम, हाव," काकांनी ते खाली ठेवले. "पण घ्यायचं तर हेच घ्या. बाकीचे तं लेकराचे खेळणे दिसून राहिले."

"वापरणार कोण?"

"आमची शिवकन्या."

"मग अक्कालाच उचलू द्या." पोरींना बाई अक्काच म्हणतात. ही उदगीरकडची सवय नांदेडात इतकी वर्षे काढूनही गेली नाही.

शिवकन्येने डोळे मिटले, उजवा हात उचलला, डोळे उघडले. माशी खाचेच्या बाहेर. दुसरे पिस्तूल, तेच. तिसरे, तेच. मुठी बदलून पाहिल्या, तरी तेच. पोरीचा चेहरा उतरत चालला. वर्षभर तिचे गुण एका जागी अडून होते, त्याचेच कारण आज सगळ्यांसमोर उघडे पडते आहे असे तिला वाटले असावे.

बाईंनी पिस्तुले बाजूला सारली. "अक्का, दोन्ही तळहात जोडून मधी बारीक झरोका कर. त्यातून घड्याळ बघ. आता एक डोळा मीट. घड्याळ दिसतंय?"

"न्हाई. गेलं."

"कोणता मिटलास?"

"डावा."

बाईंनी विचारले, "लहानपणी कैऱ्या पाडताना दगड कोणत्या हातानं मारायचीस?"

शिवकन्येने आजोबांकडे पाहिले आणि मान खाली घातली. आजोबाच बोलले.

"डावरी व्हती. म्याच सवय मोडली. डाव्या हातानं जेवती, डाव्या हातानं परसाद घेती, चार लोकांत बरं दिसतंय का? आता उजवी झाली."

"हात उजवा झाला, आजोबा. नेम धरणारा डोळा डावाच राहिला," बाई म्हणाल्या. "हिला डाव्या हाताची मूठ लागेल."

मारोतराव टोपी सारखी करून उठले. "खंडेनवमीला आमच्यात हत्याराची पूजा असती. डाव्या हातानं हत्यार धरायचं? न्हाई जमायचं. चला रे."

मी बाईंच्या जागी असतो तर शास्त्र सांगत बसलो असतो आणि ती जीप तशीच अर्धापूरला परत गेली असती. बाईंनी विचारले, "आजोबा, जाता जाता एक सांगा. केळीचा घड उतरवताना कोयता कोणत्या हातात?"

"उजव्या. इचारायचं काय त्यात?"

"आणि घड?"

"डाव्या हातानं दांडा धरायचा, खांद्याला लावायचा."

"कापलेला घड डाव्या हातातून हलला तर?"

"हलला तं माल गेला! डाग पडला की व्यापारी हात लावत न्हाई. कापायचं काम कोण बी करतंय. धरायला माणूस लागतो."

"आमच्या खेळात कापायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं धरायचं आहे. न हलवता."

मारोतराव दारात उभे राहिले. बाहेर बघत, आत बघत. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि नातीला म्हणाले, "धर बरं. डाव्यानं धर. बघू दे मला."

बाईंनी कपाटातून डावी मूठ काढली आणि तिन्हींतल्या सर्वांत साध्या, हलक्या पिस्तुलावर चढवली. शिवकन्येने डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी खाचेच्या मधोमध. पोर हसली. पट्टी काढल्यावर काकांनी नाव वाचले आणि म्हणाले, "देशीच हाय की!" त्यावर आजोबा म्हणाले, "केळी बी देशीच खातोस ना तू?"

पहिला महिना वाईट गेला. डाव्या हाताचे गुण आधीच्याहून खाली घसरले. पोर रडली, बाई हलल्या नाहीत. "हात विसरलाय, मेला नाही," एवढेच म्हणत राहिल्या. मी शनिवारच्या शनिवारी कविता म्हणत राहिलो आणि तो डावा हात हळूहळू ओळीला साथ देऊ लागला.

लातूरला मी गेलो होतो. मारोतराव माझ्या शेजारी, पांढरीशुभ्र टोपी घालून. शेवटच्या काही गोळ्या उरल्या होत्या. शिवकन्येने हात उचलला, माझी ओळ मनात सुरू झाली, संपली. गोळी सुटली नाही. तिने हात खाली घेतला.

"का मारलं न्हाई?" आजोबा कुजबुजले.

"ओळ संपली, आजोबा," पलीकडे बसलेल्या बाई म्हणाल्या.

तिने श्वास घेतला, पुन्हा उचलला. टक्. पडद्यावर मधोमध ठिपका. संध्याकाळी यादी लागली. राज्य स्पर्धेला जाणाऱ्यांत तिचे नाव होते.

त्यानंतरच्या खंडेनवमीला मारोतरावांनी बाईंना आणि मला अर्धापूरला बोलावून घेतले. कोयत्याशेजारी पिस्तूल मांडलेले होते. हळदकुंकू नळीत जाऊ नये म्हणून त्यावर एकच झेंडूचे फूल. आणि मूठ, मी मुद्दाम पाहिले, डावीकडे वळवून ठेवलेली.

बाईंच्या वैयक्तिक स्नेहाविषयी किती लिहावे? माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा मला वाचायला मनाई होती. बाईंनी रोज एक पोरगी घरी पाठवली, कविता वाचून दाखवायला. मी संकोचलो तर म्हणाल्या, "सर, त्यांचा श्वासाचा सराव होतो. उपकार तुमचेच."

शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी मी जरा हळवा झालो होतो. म्हणालो, "बाई, संपलं की हो." बाई चिकटपट्टीचे रीळ पर्समध्ये टाकीत म्हणाल्या, "ओळ संपली, सर. हात जरा खाली घेते, इतकंच." सोमवारी सकाळी केंद्राचे कुलूप त्यांनीच उघडले.

बाई, साठ वर्षांची एक लांब, सुरेल ओळ तुम्ही पुरी केली आहे. जरा दम घ्या, पाणी प्या. तुमची प्रकृती निकोप राहो, डोळा स्वच्छ राहो, आणि तुमचा हात पुन्हा वर जाईल तेव्हा तो धरून ठेवण्याचे बळ तुम्हाला पुष्कळ वर्षे लाभो. कोपऱ्यातली माझी खुर्ची तेवढी हलवू नका. शनिवारी येतो. पुढची ओळ मी सुरू करतो.