वारा कुठून, वारा कुठे

ऑफिसात त्यांना सगळे धूरमास्तर म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. वीज केंद्रात कोळसा जळला की धुराड्यातून निघालेला धूर किती उंच चढेल, कुठे वळेल आणि कोणाच्या नाकात उतरेल, याचं गणित मांडण्यात त्यांची उभी हयात गेली. धुरापेक्षा माणसं बेभरवशाची, असं ते म्हणत. त्या माणसांत स्वतःला मात्र त्यांनी कधी धरलं नव्हतं.

निवृत्तीला महिना उरला असताना त्यांच्या जागी येणारी मुलगी जुन्या फाइली चाळत होती.

"सर, हवामान खात्याच्या आकड्यांत वारा कुठून येतो ते असतं. तुम्ही ते उलटं फिरवून भरलंय."

"भरावंच लागतं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला वारा कुठे जातो ते हवं असतं."

"ते जुन्या प्रोग्रामला, सर. नव्याला कुठून येतो तेच लागतं."

धूरमास्तरांनी चष्मा पुसला, माहितीपुस्तिका काढली आणि ते पान तीनदा वाचलं. पोरीचं बरोबर होतं. नवा प्रोग्राम बारा वर्षांपूर्वी आला. ह्यांनी हाताच्या सवयीने वारा उलटवला आणि पूर्वेला जाणारा धूर नकाशावर पश्चिमेला निघाला. हवा तपासायचं यंत्रही तो नकाशा बघून पश्चिमेलाच बसवलं. ते बिचारं इमानाने 'हवा स्वच्छ' सांगत राहिलं आणि सगळे खूश.

त्याच नकाशावर बोट ठेवून त्यांनी थोरल्या भावाला पूर्वेच्या वस्तीत घर घ्यायला लावलं होतं. "डोळे मिटून घे, दादा." दादा गेली आठ वर्षं खोकत होता.

दुपारी त्यांनी चूक कबूल करणारं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "महिनाच राहिलाय. कशाला विकतचं दुखणं घेताय?" पोचेचा शिक्का मिळेपर्यंत धूरमास्तर तिथून हलले नाहीत.

दादाच्या दाराची पायरी मात्र चढवेना. लाजेने मान वर होत नव्हती. शेवटी चढले आणि अहवाल वाचावा तसं सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घराकडे धुराड्याचा धूर येतो का," दादा म्हणाला. "मी छाती फुगवून सांगितलं, नकाशा माझ्या भावाने केलाय, आमच्याकडे येत नाही."

"मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे लपून सिगारेट ओढत असणार," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी नवऱ्याचे खिसे तपासले होते, शर्ट हुंगले होते, एकदा तर महिनाभर अबोला धरला होता.

"वहिनी, चूक माझी आहे."

वहिनींचं दिराकडे लक्षच नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तुम्ही एकही ओढली नाहीत?"

"एकही नाही," दादा म्हणाला. "पण नकाशा ह्याचा होता ना. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, झोपेत ओढतो की काय."