नागीण नव्हे

"चष्मेवाल्याला कळलंच नाही, आणि तू म्हणतेस सांगून झालं. काय झालं?"

वेतवाली खुर्चीच्या भोकातून ओली पट्टी ओढत बोलत होती. समोर तिची धाकटी बहीण, मांडीवर वेत अडकवायच्या खुंट्यांचा डबा घेऊन.

"ताई, तू हर्पीस म्हणालीस की नाही? त्यानं ऐकलं. पुढं तो काय समजला ते त्याचं तो बघेल."

"तो नागीण समजला."

"समजू दे की. फणा तर काढत नाही?"

धाकटी हसली. वेतवाली हसली नाही.

सत्तेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणत आलेली. नवऱ्यापासून सुटून आठ वर्षं झाली. सुटताना त्यानं कपाट नेलं, गाद्या नेल्या, आणि हे दुखणं तेवढं माझ्या वाटणीला ठेवलं, असं ती स्वतःच सांगायची, बहिणीला, हलक्या आवाजात. त्याला ते आधीपासून होतं. त्यानं कधी तोंड उघडलं नाही.

मग चष्मेवाला आला. बायको जाऊन सहा वर्षं झालेला, एकटा माणूस. त्याच्या घरी खुर्च्या सहा. सगळ्यांच्या बैठका एकदम फाटल्या होत्या, पण तो आणायचा एकेक करून. चौथ्या खुर्चीला गल्लीतल्या कुत्र्यांनाही समजलं की हा खुर्चीसाठी येत नाही. दोघं दोनदा बाहेर जेवायला गेली. तिसऱ्यांदा, पुलावरून चालत परतताना, तिनं जीव घट्ट करून सांगितलं, मला हर्पीस आहे.

चष्मेवाला क्षणभर थबकला आणि मग त्याचा चेहरा सुटला. अहो, म्हणजे नागीणच ती. त्याच्या आईच्या कमरेला निघाली होती. भावंडं रोज बघायची, तोंड शेपटाला मिळतंय का. तीन आठवड्यांत गेली. तुम्हाला कधी झालेली? आठ वर्षांपूर्वी, असं ती म्हणाली. मग आता काय उरलंय, असं म्हणून त्यानं पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला.

ती गप्प राहिली. घरापर्यंत गप्प राहिली.

त्यानंतरचे पाच दिवस तिची जाळी चुकत होती. विणायची, उसवायची. धाकटीचं म्हणणं एकच, देवानं आपणहून वाट दिलीय तर डोळे झाकून चाल.

त्या सकाळी तो सहावी खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन दारात उभा राहिला. तिनं त्याला स्टुलावर बसवलं. धाकटी वेत भिजत घातलेली बादली उचलून आत निघाली होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"तुमच्या आईला झाली ती नागीण," वेतवाली म्हणाली. "मला आहे ते वेगळं. ते खाली होतं, झाकल्या जागी, आणि अंगातून जात नाही. नवऱ्याकडून आलं. वर्षातून एखाद वेळा फोड येतात, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घेतल्या की बसतात. आपण जवळ आलो तर तुम्हाला होऊ शकतं. फोड नसतानाही. काळजी घेतली तर शक्यता कमी, पण नाहीच असं मी म्हणणार नाही."

आवाज चढला नाही की पडला नाही. खुर्चीचा पाय किडलाय, विणून उपयोग नाही, असं गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात बोलली. गाय विताना गोठ्यातली माणसं आपोआप बोलायची थांबतात ना, तशी धाकटी थांबली होती. जन्मापासून ओळखीची बहीण, एका ताटात जेवलेली, आणि ही बाई आपण कधी पाहिलीच नव्हती असं तिला वाटलं. हातातली बादली खाली ठेवायचंही भान राहिलं नाही.

चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही हात धरलात. मला तो सोडवेना."

तो जमिनीवरच्या वेताच्या तुकड्यांकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, तुमच्या डॉक्टरीणबाई मला भेटतील का. खूप विचारायचंय, आत्ता काही सुचत नाही.

"गुरुवारी असतात. दहा ते बारा."

"येतो. पण मी हो म्हणायला येतोय असं धरू नका."

"नाही धरत."

तो उठला. खुर्ची तिथंच ठेवली, पायरीशी चपला नीट शोधून घातल्या आणि गेला.

धाकटीनं बादली ठेवली. म्हणाली, "ताई, भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना. अजून वाटतेय."

धाकटीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. वेतवालीनं तो थोडा वेळ राहू दिला, मग हातातली पट्टी बोटांनी वाकवून पाहिली. कड्कन मोडली.

"वाळली बघ बोलण्यात. भिजलेली दे दुसरी."

धाकटीनं बादलीतून पट्टी काढून दिली. वेतवालीनं ती पाणी निथळवून भोकात घातली, खालून ओढून घेतली आणि वर खुंटी ठोकली.