बिब्ब्याचा डाग

आईच्या टाचेला बिब्बा मीच लावला. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

घाटकोपरच्या चाळीत तेव्हा आम्ही दोघीच राहायचो. तिच्या डाव्या टाचेवर काहीतरी काळं, खडबडीत उठलं, तेव्हा ती म्हणाली, "कुरूप झाला. बिब्बो लाव गो." आमच्या कोकणातल्या माणसांत कुरुपाला बिब्बाच लावतात, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं? दाभणाला बिब्बा टोचून मी स्टोव्हवर धरला आणि तेल सुटल्यावर टाचेला चटका दिला. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. त्यामुळे पुढे ते काळं पसरत गेलं, तरी आम्ही बिब्ब्याचंच समजलो. वर्षभरात मी चार वेळा चटके दिले. शहाणपणा नुसता उतू चालला होता माझा!

पुढच्या वर्षी तिच्या अंगावरून जायला लागलं. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती. ती मुकाट्याने बाजूला बसायला लागली, देवाला हात लावीना. मी चेष्टा केली, "काय गं, परत तरुण झालीस की!" ती लाजून हसली. असे तीन महिने गेले.

मग पोट फुगलं आणि ऑपरेशन झालं. गर्भाशयात, अंडाशयात गाठी होत्या, त्याही काळ्याकुट्ट. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "अंगावर कुठे काळा डाग आहे का?" मी नाही म्हणाले. खरंच आठवला नाही मला. त्यांनी स्वतःच चादर वर केली, आईला डोक्यापासून तपासलं आणि टाचेपाशी थांबल्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा कातडीचा कॅन्सर आहे. टाचेतून पोटात गेलाय. आता फार काही करता येणार नाही." मी बिब्ब्याचं सांगितलं. बिब्ब्याने होत नाही, पण उशीर झाला, असं त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. त्या समजुतीचा मला राग आला. अजून येतो.

आईला मी काहीच सांगितलं नाही. घरी आणल्यावर ती अंथरुणातून उठली नाही. एका दुपारी म्हणाली, "टाच ठणकता गो. बिब्बो आसा मा?"

"आहे ना," मी म्हणाले. तिला वास यावा म्हणून स्टोव्हवर बिब्बा धरला. तो तसाच जळू दिला आणि बोटाने तिच्या टाचेला खोबरेल लावलं.

"आता बरा वाटता," आई म्हणाली.