अहवालातली दुसरी ओळ

चूक माझीच होती. वडिलांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी लातूरला केली, तेव्हा अहवालातले मी फक्त टक्के वाचले. मी कोचिंग क्लासमध्ये शिकवतो; कागद हातात आला की नजर आधी टक्क्यांवरच जाते.

"चाळीसच टक्के अडथळा आहे, दादा. काळजीचं काही नाही."

"चाळीस? म्हंजी काठावर पास झालो म्हन की!" मुखेडहून आलेले वडील हसले.

खालच्याच ओळीत लिहिलं होतं, की साचलेला थर मऊ, चरबीचा आहे. लिहून दिलेल्या गोळ्या संपल्यावर मी नव्या आणल्या नाहीत. काही महिन्यांत त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी मला समजावलं, "चुन्यासारखा कडक झालेला थर बहुधा जागेवर टिकतो. मऊ थर लहान असला तरी फुटू शकतो. मग गुठळी मेंदूकडे जाते."

भूकंपानंतर घर तपासताना मी भिंतीवरच्या भेगा मोजत होतो, तेव्हा हेच वडील म्हणाले होते, "भेग केवढी हाय ते नको बघू, भिंत कशाची हाय ते बघ."

वर्षभर मी गप्प राहिलो. परवा त्यांच्या ताटात भाकरी कुस्करताना एकदाचं बोललो.

"दादा, त्या कागदावरची दुसरी ओळ मी वाचलीच नाही. गोळ्याही मीच बंद केल्या. माझं चुकलं. मला माफ करा."