सिंधूताईंचं आतषबाजीचं लायसन

आमच्या आतषबाजीच्या धंद्यात शो दहा मिनिटांचा आणि तयारी दोन दिवसांची. ते दोन दिवस वाळूत नळकांडी रोवत गप्पा मारण्यात जातात. त्यामुळे किस्से साचतात, आणि ते ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही!

आम्ही पाच जण, सगळे सुरतच्या लिंबायतचे, मूळ खानदेशातले. लायसन आम्हाला धंदा शिकवणाऱ्या काकांच्या नावावर होतं. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि काका गावी निघून गेले. आता लायसन नाही म्हणजे शो नाही, आणि शो नाही म्हणजे पुन्हा पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलची वाफ! कुणीतरी परीक्षेला बसायलाच हवं होतं. आम्ही चौघे बाप्ये एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

"आणा तो फॉर्म इकडे," आमच्यातल्या पाचव्या, सिंधूताई म्हणाल्या.

*

तसा या धंद्याला मान कमीच. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी मला विचारलं, काय करता? मी छाती फुगवून सांगितलं, "मोठमोठ्या लग्नांत फटाके फोडतो."

"ते ठीक शे," त्या म्हणाल्या, "पन कामले कोठे जातस तुम्ही?"

*

काकांची शिकवण कडक. पहिलं वर्षभर फक्त वाळूची पोती उचलायची, काडीला हात लावायचा नाही. आमचा अशोक या शिस्तीत इतका मुरला की दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी त्याला कौतुकानं एक अनार पेटवायला दिला, तर पठ्ठ्यानं आधी दोरी बांधली. मग पाण्याच्या बादल्या. मग वाऱ्याची दिशा. मग म्हाताऱ्यांना ओट्यावरून आत नेलं. सगळं झाल्यावर वळून बघतो, तर पोरं जेवायला घरी गेलेली!

*

काकांचं लायसन होतं तेव्हा इच्छापोरला एका गुजराती लग्नात नवरदेवाचे मामा अडून बसले, पहिला फटाका मीच फोडणार. "बेन, पहेलो तो हुं ज फोडीश!" तोंडात पेटलेली सिगारेट.

सिंधूताईंनी आधी सिगारेट विझवायला लावली. मग पेटीतलं एक जुनं बटण त्यांच्या हातात दिलं. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मामांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, त्याच क्षणी ताईंनी स्वतःचं दाबलं. आकाश लाल-हिरवं झालं! मामांच्या डोळ्यांत पाणी.

जाताना ते ताईंना समजावून गेले, "पुढच्या वेळी जरा जोरात दाबत जा. अजून उंच जाईल."

*

लायसनच्या अर्जासाठी पोलीस व्हेरिफिकेशन असतं. हवालदार लिंबायतला आला तेव्हा ताई नेमक्या बाजारात गेलेल्या. त्यानं शेजारणीला विचारलं, बाई कशी आहे? शेजारीण ताईंची जिवाभावाची. लायसन मिळावं म्हणून तिनं मोकळ्या मनानं कौतुक केलं.

"भलती हुशार शे! बारूदनं काम तिच्यासारखं कोनलेच जमत नही!"

हवालदारानं लगेच फोन करून आणखी तिघांना बोलावलं. ताई भाजी घेऊन परतल्या तर दारात चार पोलीस! ताईंनी फॉर्मची झेरॉक्स दाखवली आणि चौघांना चहा पाजला. रिपोर्ट चांगला गेला.

*

शेवटी प्रात्यक्षिकाचा दिवस उगवला. हजीरा रोडच्या पुढे मोकळं मैदान, दुपारचे चार. तपासायला आलेले साहेब मूळचे नागपूरचे, त्यामुळे बोलणं मराठीत. साहेब दोरी ओलांडून आत निघाले, आणि ताईंनी हात आडवा केला.

"साहेब, आत फक्त सुती कपडे. ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं."

"अहो, प्युअर कॉटन आहे हा शर्ट!"

"सुरतेत घेतला ना?"

सुरत म्हणजे पॉलिस्टरचं गाव. या धंद्याआधी ताईंनी बारा वर्षं घरी साड्यांचे धागे कापलेत. त्या साहेबांना लांब चहाच्या टपरीमागे घेऊन गेल्या, शर्टाच्या शिवणीतून एक दोरा ओढला आणि टपरीवाल्याच्या स्टोव्हवर धरला. सुती असता तर राख झाली असती. दोरा आक्रसला आणि त्याच्या टोकाशी काळा कडक मणी झाला!

साहेब त्या मण्याकडे बघत राहिले. अशोक माझ्या कानात पुटपुटला, "मिलमध्ये तुला कुठली पाळी चालेल?"

साहेबांनी अशोकचा सुती शर्ट मागून घेतला. प्रात्यक्षिक त्यांनी तो घालून पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

तीन आठवडे काही कळलं नाही. आम्ही आशा सोडली होती, खरं सांगतो. मग एका सकाळी ताईंचा फोन वाजला. साहेबांचा नंबर! त्यांनी स्पीकर लावला.

"लायसन पोस्टानं निघालंय," साहेब म्हणाले. मग आवाज एकदम हळू झाला. "ताई, आमच्या मिसेसनी मेहुण्याच्या लग्नासाठी सहा शर्ट घेतलेत. एकेक दोरा पाकिटातून पाठवला तर चालेल का?"